मुरगावचं ड्रेजिंग, कॅसलरॉकचा घाट आणि वन्यजीव समितीचा शब्द

गोव्याच्या मुरगाव बंदरातला गाळ काढला (म्हणजेच ड्रेजिंग केलं) तर बेळगावकडच्या खानापूर-लोंढ्याला काय फरक पडतो, असं इकडे अनेक जण विचारतात. बंदरात उतरणारा कोळसा बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्यांना जातो आणि तो आपल्याच रुळांवरून वर चढतो. घाटातला हा लोहमार्ग 1880 च्या दशकातला, तेव्हा मीटरगेजचा. एके काळी होस्पेटचं लोहखनिज याच वाटेनं खाली यायचं.

मोठी जहाजं आत यावीत म्हणून बंदराचा जलमार्ग खोल करायचं ठरलं. त्याला केंद्राची पर्यावरण मंजुरी मिळाली, तीही जनसुनावणीशिवाय. मच्छीमार हरित लवादात गेले आणि सप्टेंबर 2016 मध्ये मंजुरी रद्द झाली. पुढच्या वर्षी वास्कोत सुनावण्या झाल्या, त्या गाजल्याही. जवळच्या चिखलीच्या खाडीत पातळ चकतीसारखे शिंपले मिळतात. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी हेच असत. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित जीवांच्या यादीत, त्यांचं नाव होतं. तरीही वन्यजीव समितीची, म्हणजे राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची, मंजुरी लागते ती प्रामुख्याने अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा त्यांच्या भोवतालच्या पट्ट्यातल्या कामांना. बाकी समुद्रतळाचा निकाल पर्यावरण खात्याच्या तज्ज्ञ समितीत लागतो. शिंपला अनुसूचीत असला, तरी त्याच्या बाजूने बोलायला तिथे वन्यजीववाला असेलच असं नाही.

घाटात मात्र नेमकं उलटं आहे. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत रेल्वेमार्ग नाहीतच, म्हणजे घाटात दुसरा रूळ टाकायला, दुहेरीकरणाला, पर्यावरण मंजुरीची गरज नाही. पण कॅसलरॉक ते कुळे हा उतार मोले अभयारण्यातून जातो, आणि त्याला लागूनच आपल्या कर्नाटकाच्या बाजूचं काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. त्यामुळे सगळी छाननी वन्यजीव समितीवरच आली आणि तिने होकार दिला. याच सुमारास अणमोड घाटातला महामार्ग आणि वीजवाहिनी हीही कामं त्याच जंगलातून मंजूर होत होती. तिन्हींचा एकत्र परिणाम कुणी तपासलाच नाही, आणि मला वाटतं, खरी चूक तिथेच झाली.

2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने दुहेरीकरणाला पुरेसं कारण दिसत नाही, असा अहवाल दिला. 9 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वन्यजीव समितीचा होकार रद्द केला. इकडे काहींना हा निकाल गोव्याच्या बाजूचा वाटला; दुसरा रूळ आला की गाड्या वाढतील, असा त्यांचा हिशेब होता. पण न्यायालयाने रेल्वेला कायमचं अडवलेलं नाही. जैवविविधतेवरच्या परिणामांचा सविस्तर अभ्यास करून नवा प्रस्ताव त्याच वन्यजीव समितीपुढे नेता येतो. म्हणजे बंदराची खोली एका खात्याने ठरवायची आणि त्या खोलीमुळे वाढणारा कोळसा घाटातून वर चढू द्यायचा की नाही, हे दुसऱ्याने.