कोरडी फरशी आणि क्लीन शीट

"चार मॅचमध्ये एकच गोल खाल्लाय. डिफेन्स सेट झालाय आता."

"कसला सेट? कीपरने तारलं म्हणून. नाहीतर परवा चार बसले असते."

सोमवारी सकाळी फर्ग्युसन रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर हा संवाद हमखास ऐकू येतो. कटिंग संपतो, वाद संपत नाही. संघ लंडनचा नाहीतर मँचेस्टरचा असतो, कारण २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला आणि बालेवाडीत आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, आपला म्हणावा असा संघ उरला नाही. भांडण मात्र अस्सल पुणेरी. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचा आधार एकच असतो, खाल्लेल्या गोलांचा आकडा. आणि चार-पाच सामन्यांपुरता हा आकडा बचावाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. का, ते कळायला फुटबॉल जरा बाजूला ठेवून वळवाच्या पावसाकडे वळू.

पहिले टपोरे थेंब पडायला लागले की अंगणातल्या शहाबादी फरश्यांकडे बघा. एका फरशीवर तीन डाग, शेजारची ठणठणीत कोरडी, पलीकडे एक, त्यापुढे दोन. अर्ध्या मिनिटात सगळंच ओलं होतं, म्हणून पटकन बघावं लागतं. फरश्या एकाच मापाच्या, पाऊस सगळ्यांवर सारखाच, तरी थेंबांची वाटणी समसमान होत नाही. कोरड्या फरशीने काही पुण्य केलेलं नसतं आणि तीन थेंबवालीचं काही चुकलेलं नसतं. तरीही याच चित्राला फुटबॉलमध्ये आपण 'क्लीन शीट' (एकही गोल न खाल्लेला सामना) आणि 'भोपळा फुटला' अशी नावं देतो आणि मग कोणाला बाकावर बसवायचं यावर तासभर बोलतो.

या विस्कळीत वाटणीलाही नियम आहे. सिमेओं देनी प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने तो १८३७ मध्ये मांडला. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो 'पॉयसन वितरण' म्हणून भेटतो. घटना घडण्याच्या संधी भरपूर, प्रत्येक संधीत ती घडण्याची शक्यता थोडी, आणि एका घटनेचा दुसरीशी संबंध नाही, अशी परिस्थिती असेल तर फक्त सरासरी माहीत असणं पुरतं. बाकीचं सगळं त्या एका आकड्यातून निघतं. १८९८ मध्ये लाडिस्लाउस बोर्टकिएविच यांनी प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांचा २० वर्षांचा हिशोब याच नियमाने तपासला. १० सैन्यदलं, २० वर्षं, म्हणजे २०० नोंदी, आणि मृत्यू १२२. एकही मृत्यू नाही अशा नोंदी १०८.७ असाव्यात असं गणित सांगतं. प्रत्यक्षात होत्या १०९.

गोल हा याच जातीचा प्राणी आहे. समजा, एक संघ दर सामन्यात प्रतिस्पर्ध्याला १२ शॉट मारू देतो आणि प्रत्येक शॉट गोल होण्याची शक्यता साधारण दहात एक आहे. सरासरी झाली १.२ गोल. आता कृती अशी: २.७१८ या संख्येचा उणे १.२ वा घात काढा, उत्तर येतं ०.३०. शून्य गोल खाण्याची ही शक्यता, ३० टक्के. तिला १.२ ने गुणा, की एक गोल खाण्याची शक्यता मिळते, ३६ टक्के. तिला परत १.२ ने गुणून २ ने भागा, दोन गोलांची मिळते, २२ टक्के. परत १.२ ने गुणून ३ ने भागा, तीन गोल, जेमतेम ९ टक्के. चार किंवा जास्त, साडेतीन टक्क्यांच्या आसपास. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे.

म्हणजे तेच बचावपटू, तीच शिस्त, तीच चपळाई असूनही दहातले तीन सामने कोरडे जाणार आणि आठातल्या एका सामन्यात तीन किंवा जास्त गोल बसणार. मार्च २०१८ मध्ये एफसी पुणे सिटी आयएसएलच्या उपांत्य फेरीत बंगळुरूशी खेळला तेव्हा बालेवाडीत ०-० झालं आणि परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल केले. पहिल्या रात्री बचाव पोलादी आणि दुसऱ्या रात्री चाळणी, असं म्हणायचा मोह होतो. पण असा जोड दिसायला बचाव बदलावा लागत नाही.

पटत नसेल तर घरी करून बघा. बुद्धिबळाचा पट घ्या आणि ६४ तांदळाचे दाणे मोजून घ्या. दाणे वरून उधळू नका. ते मधोमध साचतात, कडेच्या घरांना कमी मिळतात आणि प्रयोग तिथेच फसतो. त्याऐवजी १ ते ८ आकड्यांच्या आठ चिठ्ठ्या करा. एक उचला, ती झाली आडवी रांग. चिठ्ठी परत टाकून, हलवून दुसरी उचला, ती उभी रांग. त्या घरात एक दाणा ठेवा. चिठ्ठी परत टाकायला विसरलात तर दोन्ही आकडे कधीच सारखे येणार नाहीत आणि एका कर्णावरची आठ घरं रिकामीच राहतील. ६४ वेळा हे केलं की दर घरी सरासरी एक दाणा होतो, पण सुमारे २३-२४ घरं रिकामी असतात, तेवढ्यांतच एकेक असतो, बारा-एक घरांत दोन, चारेक घरांत तीन आणि एखाद्यात चारसुद्धा. चार दाण्यांचं घर दिसलं की हात आपोआप चिठ्ठ्या तपासायला जातो. चिठ्ठ्या बरोबरच असतात.

आता कोणी म्हणेल, मग जगातला सगळ्यात भक्कम बचावही नशीबच का? इथे चेल्सीचा २००४-०५ चा मोसम कामी येतो. प्रशिक्षक मोरिन्योंचा संघ, मागे गोलकीपर चेक, समोर बचावफळीत टेरी, कार्वाल्हो, गालास, फेरेरा आणि त्यांच्यापुढे मॅकलेले. ३८ सामन्यांत १५ गोल खाल्ले. इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये एका मोसमात यापेक्षा कमी गोल कोणी खाल्लेले नाहीत. सरासरी ०.३९५. ती आपल्या कृतीत घाला. एकही गोल न खाल्लेले सामने २५.६ असावेत, प्रत्यक्षात २५ होते. एक गोल खाल्लेले १०.१, प्रत्यक्षात ११. दोन खाल्लेले २.०, प्रत्यक्षात २, बोल्टनविरुद्ध आणि आर्सेनलविरुद्ध. तीन किंवा जास्त ०.३, प्रत्यक्षात एकही नाही.

हे आकडे दोनदा वाचावेत असे आहेत. त्या बचावाचं कर्तृत्व सगळंच्या सगळं ०.३९५ या सरासरीत आहे. पाऊस किती पडू द्यायचा हे त्यांनी ठरवलं. थेंब कोणत्या फरशीवर पडणार, म्हणजे गोल कोणत्या शनिवारी बसणार, हे त्यांच्याही हातात नव्हतं.

मग पाच सामन्यांवरून काय कळतं? पॉयसनचा एक सोयीचा गुण असा की साधारण चढउतार सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो. १.२ सरासरीच्या संघाने पाच सामन्यांत ६ गोल खाणं अपेक्षित. ६ चं वर्गमूळ सुमारे २.४५. त्याच्या दुप्पट इकडे-तिकडे धरा. काटेकोर हिशोब केला तर २ पासून ११ गोलांपर्यंतचा कुठलाही आकडा नेहमीच्या पट्ट्यात बसतो, ९६ टक्के वेळा. दोनवर बातमी येते 'अभेद्य भिंत', अकरावर 'बचाव कोसळला'. पूर्ण मोसमात अपेक्षा ४५.६, वर्गमूळ ६.७५, म्हणजे पट्टा ३२ ते ५९. संघ तोच, मोसम दोन, आणि खाल्लेल्या गोलांत २७ चा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. क्रिकेटमध्ये हा त्रास कमी, कारण तिथे शेकडो चेंडूंचा हिशोब जमतो. फुटबॉलमध्ये दोन्ही संघांचे मिळून गोल तीनच्या आत-बाहेर.

आणखी एक हिशोब टपरीवर ऐकवण्यासारखा आहे. पाचपैकी किमान चार क्लीन शीट हे आपल्या साध्यासुध्या संघाला ३ टक्के वेळा जमतं. २० संघांची लीग, प्रत्येकाच्या ३८ सामन्यांत पाच-पाचचे सात गठ्ठे, म्हणजे १४० गठ्ठे. सगळे संघ हुबेहूब सारखे असले तरी मोसमात चारेक वेळा कोणाचा तरी बचाव 'सेट' होणारच. आणि प्रत्येक वेळी टीव्हीवर कोणीतरी मानसिकता बदलल्याचं सांगणार. नवा प्रशिक्षक आल्यावर बचाव सुधारण्याचं कोडंही बऱ्याच अंशी इथेच सुटतं: जुन्याला काढतात ते ओळीने गोल बसल्यावर, म्हणजे नशिबाचा तळ गाठल्यावर. तिथून आकडा सरासरीकडे परततो, प्रशिक्षक कोणीही आणा. सोफ्याचा ठरलेला कोपरा, न धुतलेली जर्सी, आणि 'तू बघायला बसलास की गोल बसतो' म्हणून पनवती ठरवून आतल्या खोलीत धाडलेला मित्र, यांचं यशही याच खात्यावर जमा करावं. त्या मित्राला बाहेर बोलवा.

तेव्हा गोलांऐवजी शॉट मोजावेत, आणि शॉट कुठून झाला ते बघावं. 'एक्स्पेक्टेड गोल' किंवा एक्सजी म्हणतात ते हेच: तशा जागेवरून, तशा प्रकारे पूर्वी मारलेल्या हजारो शॉटपैकी किती आत गेले, तो अंश. पेनल्टीला तो पाऊणच्या थोडा वर असतो, बॉक्सच्या (गोलसमोर आखलेल्या मोठ्या चौकटीच्या) बाहेरून पायाने मारलेल्या शॉटला शंभरात तीन-चार. जागेचा एवढा फरक का पडतो? गोलपोस्टची रुंदी ७.३२ मीटर. चेंडूपासून दोन्ही खांबांपर्यंत दोऱ्या ताणल्या अशी कल्पना करा. ११ मीटरवरच्या पेनल्टीच्या ठिपक्यावरून दोऱ्यांमधला कोन सुमारे ३७ अंश भरतो. समोरूनच, पण २५ मीटरवरून, १७. आणि गोलरेषेपासून ११ मीटरवरच, पण मधल्या रेषेपासून १५ मीटर बाजूला सरकलं की १४ अंशही उरत नाहीत. त्यात वेळ धरा: ताशी ९० किलोमीटरचा शॉट ११ मीटर अंतर ०.४४ सेकंदात कापतो, २५ मीटरला पूर्ण सेकंद लागतो. कीपरचा जीव या अर्ध्या सेकंदात असतो.

चांगला बचावपटू करतो ते हेच, कोन आणि वेळेचा धंदा. तो आक्रमकाच्या अंगावर धावून जात नाही. तिरका उभा राहून, हातभर अंतर राखून त्याला मधल्या पट्ट्यातून कडेला नेतो. चेंडू हिसकावला जात नाही, प्रेक्षक टाळ्या वाजवत नाहीत, आकडेवारीत नोंदही होत नाही, पण ३७ अंशांचे १४ होतात. उलट चेंडू हिसकावायला घसरत जाऊन केलेला टॅकल हायलाइट्समध्ये येतो. बरेचदा तो आधी चुकलेल्या जागेची भरपाई असते. टॅकल जास्त म्हणजे बचाव चांगला, हा समज म्हणूनच सोडावा. चेंडू सतत समोरच्याकडे असेल तर टॅकल वाढणारच.

ढोबळ हिशोब वहीतही होतो. सामना बघताना प्रतिस्पर्ध्याच्या शॉटसाठी चार रकाने आखा: बॉक्समध्ये गोलसमोरून, बॉक्समध्ये कडेने किंवा डोक्याने, बॉक्सबाहेरून, पेनल्टी. अनुक्रमे ०.२, ०.०७, ०.०३ आणि ०.७५ असे गुण द्या. शॉट झाला की लगेच खूण करा, गोल झाला की नाही ते कळण्याआधी. नंतर केली तर आत गेलेला प्रत्येक शॉट 'अगदी समोरून' वाटायला लागतो. शेवटी बेरीज करा आणि पुढच्या आठ-दहा सामन्यांच्या बेरजांशी ताडून बघा. स्वयंगोल मोजू नका, तो प्रतिस्पर्ध्याचा शॉट नसतो.

एक्सजीलाही देव्हाऱ्यात बसवायला नको. कडेने मारलेला, गोलसमोरून सळसळत गेलेला क्रॉस कोणाच्या पायाला लागला नाही तर त्याचा एक्सजी शून्य, बचाव उघडा पडलेला असला तरी. तीन गोलांनी पुढे असलेला संघ मागे सरतो, समोरच्याला दुरून मारू देतो, आणि कागदावर त्याचा बचाव वाईट दिसतो. वेगवेगळ्या ॲपचे एक्सजी जुळत नाहीत, त्यामुळे १.३७ आणि १.४१ वरून वाद घालण्यात अर्थ नाही. खुद्द पॉयसनही तंतोतंत लागू पडत नाही, कारण स्कोअर बदलला की खेळ बदलतो. १९९७ मध्ये मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स या संख्याशास्त्रज्ञांना ०-०, १-०, ०-१ आणि १-१ या निकालांसाठी मुद्दाम वेगळी दुरुस्ती करावी लागली होती.

शिवाय एक्स्पेक्टेड गोलची बेरीज सारखी आली म्हणजे धोका सारखा, असंही नाही. ०.१ चे १२ शॉट आणि ०.४ चे ३ शॉट, दोन्हींची बेरीज १.२. पहिल्यात कोरडं सुटण्याची शक्यता २८ टक्के, दुसऱ्यात २२. पण तीन किंवा जास्त गोल बसण्याची शक्यता पहिल्यात ११ टक्के आणि दुसऱ्यात फक्त ६. एका गोलाची आघाडी राखायची असेल तर आपल्या संघाने यांतला कोणता बचाव निवडावा, यावर मात्र अजून एक कटिंग मागवायला हरकत नाही.