काचेत साठलेला प्रकाश : दीर्घ एक्स्पोजरने केलेल्या आकाशचित्रणाची पार्श्वभूमी

मृग नक्षत्रातील तेजोमेघ (वायू आणि धुळीचा चमकता ढग) दुर्बिणीतून दहा मिनिटे पाहिला काय किंवा तासभर पाहिला काय, डोळा एकदा अंधाराला सरावला की त्यापुढे फारसे अधिक काही दिसत नाही. कारण डोळा प्रकाश साठवत नाही, क्षणाच्या लहानशा अंशात आलेला प्रकाश मेंदूकडे धाडून तो पुन्हा कोरा होतो. छायाचित्राची रसायन लावलेली काच मात्र पडलेला प्रकाश जमेस धरत जाते. ट्रायपॉडवर कॅमेरा लावून शटर तीस सेकंद उघडे ठेवणारा, म्हणजे तेवढे एक्स्पोजर देणारा, आजचा हौशी छायाचित्रकार याच भेदाचा लाभ घेत असतो. हा भेद खऱ्या अर्थाने उपयोगात यायला छायाचित्रणाच्या शोधानंतर सुमारे चार दशके लागली, आणि वाट अडली होती ती मुख्यतः रसायनापाशी.

न्यूयॉर्कच्या जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४० मध्ये चंद्राचे चित्र घेतले, त्याला वीस मिनिटे लागली. जुलै १८५० मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या १५ इंची दुर्बिणीने अभिजित ताऱ्याची प्रतिमा उमटली. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचे हे पहिले छायाचित्र होय. पुढे ओल्या कलोडियनच्या (चिकट रासायनिक द्रावाचा थर दिलेल्या) काचा आल्या आणि १८५७ मध्ये वसिष्ठ-अरुंधतीची जोडी टिपली गेली, परंतु ही काच ओली असेपर्यंतच कामाची असे, म्हणजे जेमतेम दहा-पंधरा मिनिटे. अंधुक तेजोमेघांसाठी एवढा वेळ अगदीच अपुरा होता.

रिचर्ड मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये सुचवलेली जिलेटिनची कोरडी काच ही खरी कलाटणी ठरली. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृगातील तेजोमेघ सुमारे ५० मिनिटांच्या एक्स्पोजरने टिपला आणि १८८२ मध्ये तो अवधी १३७ मिनिटांवर नेला. त्यानंतर इंग्लंडमधील अँड्र्यू कॉमन या अभियंत्याने ३० जानेवारी १८८३ रोजी, घराच्या आवारातील ३६ इंची परावर्ती दुर्बिणीने, ३७ मिनिटांत जे चित्र घेतले त्यात नजरेला न दिसणारे तारेही उमटले होते. छायाचित्र हे तोपर्यंत दिसलेल्या गोष्टीची नोंद मानले जात होते. येथून ते शोधाचे साधन झाले. आयझॅक रॉबर्ट्स यांनी डिसेंबर १८८८ मध्ये देवयानीच्या तेजोमेघाचे चित्र कित्येक तासांच्या एक्स्पोजरने घेतले, तेव्हा त्याची सर्पिल रचना स्पष्ट झाली. ही एखादी सूर्यमाला घडत असावी असे त्यांना वाटले. चित्र अस्सल होते, अर्थ मात्र चुकला. ती स्वतंत्र दीर्घिका असल्याचे पुढे १९२० च्या दशकात सिद्ध झाले.

काच तासन्‌तास प्रकाश घेऊ लागली, तशी दुसरी अडचण ठळक झाली. पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे दर सेकंदाला सुमारे १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतात, त्यामुळे दुर्बिणीने त्यांचा पाठलाग केला नाही तर बिंदूंच्या जागी रेघा उमटतात. वजनावर चालणारी घड्याळयंत्रे हा पाठलाग करीत, पण त्यांची चूक सुधारण्यासाठी निरीक्षकाला दुर्बिणीत ताणलेल्या, कोळ्याच्या जाळ्यातील बारीक धाग्यांच्या फुलीवर एक तारा धरून, थंडीत, रात्रभर चाके हलवत बसावे लागे. या कामात अमेरिकी खगोलनिरीक्षक एडवर्ड बर्नार्ड यांचा हात कोणी धरू शकत नसे, आणि त्यांचे बालपण पाहता त्यात नवल नाही. जन्मापूर्वीच वडील वारलेला हा मुलगा वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत कामाला लागला. छपरावरील मोठे सूर्यप्रकाशावर चालणारे यंत्र दिवसभर सूर्याकडे वळवत राहणे हे त्याचे काम होते. १८८९ मध्ये कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत त्यांनी सूर्याऐवजी तारे धरले आणि व्यक्तिचित्रांसाठी बनवलेल्या एका जुन्या भिंगाने आकाशगंगेची चित्रे घेतली. त्यांत दिसलेले काळे पट्टे म्हणजे ताऱ्यांमधील रिकाम्या जागा, असे ते स्वतःही बराच काळ मानत. तेथे प्रकाश अडवणारे पदार्थ आहेत हे त्यांना हळूहळूच पटले, आणि १९१९ मध्ये त्यांनी अशा १८२ काळ्या खुणांची यादी प्रसिद्ध केली.

एप्रिल १८८७ मध्ये पॅरिसला भरलेल्या खगोलशास्त्रज्ञांच्या परिषदेने सारे आकाश काचांवर उतरवण्याचा संकल्प सोडला आणि त्याचे पट्टे निरनिराळ्या वेधशाळांना वाटले गेले. चिलीतील सांतियागोच्या वाट्याचा एक पट्टा मागे पडला, तेव्हा तो हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने स्वीकारला. मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. तरीही मराठीत या कामाचा उल्लेख क्वचितच आढळतो. त्या महाप्रकल्पाचा नकाशा अखेर अपुराच राहिला.

काचेचा एक दोष कधीच पुरता गेला नाही : प्रकाश मंद असेल तर वेळ दुप्पट करूनही परिणाम दुप्पट होत नाही. १९६९ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या सीसीडीत (प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चकतीत) हा दोष नव्हता, त्यामुळे एका प्रदीर्घ एक्स्पोजरची सक्ती संपली. डिसेंबर १९९५ मध्ये अवकाशातील हबल दुर्बिणीने सप्तर्षीतील एका इवल्याशा तुकड्याची दहा दिवसांत ३४२ चित्रे घेतली आणि ती एकत्र करून अंतिम चित्र तयार झाले. हौशी छायाचित्रकारही आता तीन-तीन मिनिटांची वीस चित्रे घेऊन संगणकावर त्यांची बेरीज करतो, आणि एखाद्यातून विमान किंवा उपग्रह आडवा गेला तर तेवढेच चित्र वगळतो. बर्नार्ड यांच्या फुलीवरून मात्र तारा निसटला की संपूर्ण काच वाया जात असे.