खानदेशच्या नद्या : पाटकरी गेला, मग जलपर्णी आली

खानदेशात नद्या जपल्या गेल्या त्या श्रद्धेपेक्षा पाण्याच्या पाळीमुळे, असं माझं मत आहे. पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याने अडवलेलं पाणी पाटाने शिवारात यायचं, शिवाराचे तीन-चार फड पाडलेले असायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी द्यायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या. पाटातला गाळ काढायचा तो शेतकऱ्यांनीच. पाऊस कमी झाला तर किती फड भिजवायचे, हेही गावच ठरवी. (सगळंच गोड होतं असं नाही, ज्याचं रान फडाबाहेर, त्याला पाण्यात वाटा नाही.) पण बंधाऱ्याच्या वर नदी नासवणं म्हणजे आपलाच पाट नासवणं, हे कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं.

ही घडी मोडली ती मोठ्या धरणांनी आणि विजेच्या पंपांनी. गिरणा धरण 1969 साली पूर्ण झालं, तापीवरचं एक्केचाळीस दरवाजांचं हतनूर 1982 मध्ये. पांझरेवर लाटीपाडा आणि पुढे अक्कलपाडा आलं. धरणांनी शेतीला आणि शहरांना पाणी दिलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र पावसाळा संपला की धरणाखालचं पात्र कोरडं पडू लागलं, आणि त्या कोरड्या पात्रात बारमाही वाहणारं पाणी उरलं ते गटारांचं. धुळ्यातून जाणारी पांझरा उन्हाळ्यात पाहिली की हे लगेच कळतं. गिरणेचं दुखणं आणखी वेगळं आहे. मालेगावातून वाहणारी मोसम गिरणेला मिळते ती धरणाच्या वरच्या अंगाला. म्हणजे शहराचं सांडपाणी पुढे जळगाव जिल्ह्याला पाणी देणाऱ्या साठ्याकडेच जातं.

योगायोग असा की महाराष्ट्राचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदाही 1969 चाच, केंद्राच्या 1974 च्या कायद्याच्या आधीचा. तो राबवायला 1970 मध्ये राज्याचं मंडळही स्थापन झालं. तरी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, तेव्हा त्यातले 53 महाराष्ट्रातले निघाले. तापी, गिरणा, पांझरा, वाघूर, बोरी, तितूर, गोमाई, रंगावली ही नावं त्यात आहेत. कारखान्यांवर बोट ठेवणं सोपं असतं. नगरपालिकांच्या सांडपाण्याकडे बोट दाखवलं की ते आपल्याच न्हाणीघराकडे वळतं.

परकी झाडं-मासे आले ते अशा नद्यांत. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. निळ्या-जांभळ्या फुलांच्या हौसेपायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात आली. सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद हेच तिचं खत. साचलेलं पाणी मिळालं तर दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते, आणि तिचं बी गाळात वर्षानुवर्षं तग धरून राहतं. म्हणून जेसीबी लावून एकदा काढली की काम झालं, असं होत नाही. काठ बेशरमाच्या झुडपांनी आणि वेड्या बाभळीने धरलेत. तिलापिया 1952 मध्ये देशात आणला गेला तो मत्स्यशेतीसाठी. आफ्रिकी मांगूर, बाजारातला ‘थाई मांगूर’, खादाड आणि कमी प्राणवायूतही जगणारा. त्याच्या पैदाशीवर केंद्राने 2000 मध्ये बंदी घातली. घाण पाण्यात देशी मासे टिकत नाहीत, हे टिकतात.

लोकांचा नदीवरचा जीव मात्र आटलेला नाही. तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशा गावात ताम्रपाषाण काळातली वस्ती उत्खननात मिळाली. आज ते ‘दक्षिण काशी’ आहे. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे. अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा बोरीच्या पात्रातच भरते. श्रावणात कानबाईचं, म्हणजे खानदेशच्या लोकदेवीचं, विसर्जन नदीवरच व्हावं लागतं. आणि हतनूरच्या फुगवट्यात हिवाळी बदकं पाहायला दुर्बिणी घेऊन लोक जातात. तो जलाशय महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांत गणला जातो.

आता गिरणेवर सात बलून बंधाऱ्यांची, म्हणजे फुगवून पाणी अडवणाऱ्या रबरी बंधाऱ्यांची, योजना चर्चेत आहे. भूजलासाठी ती हवीच, पण वाळूउपशाने पात्राची चाळण झालेली असताना आणि गावोगावचं सांडपाणी शुद्ध न होता येत असताना तिथे अडेल ते पाणी कसलं असेल, हे आधी विचारायला हवं. साचलेलं, सांडपाण्याने भरलेलं पाणी म्हणजे जलपर्णीला आयतं शेततळं. त्यामुळे बंधाऱ्यांच्या अंदाजपत्रकातच वरच्या गावांच्या सांडपाणी प्रक्रियेचा खर्च धरावा, आणि पाण्याची पाळी ठरवायला फडासारखी समिती नेमावी. तिथे फडाबाहेरच्यांनाही जागा द्यावी.