सहभागी निर्णयप्रक्रिया (प्राथमिक शाळा)

शाळेच्या कामकाजाचे निर्णय मुख्याध्यापकांनी शिक्षकांना, आणि विषय तसा असल्यास पालकांनाही, सोबत घेऊन करण्याची पद्धत. निर्णयाचे उत्तरदायित्व मात्र मुख्याध्यापकांकडेच राहते.

प्राथमिक शाळेत वर्गशिक्षक बहुतेक विषय एकटेच शिकवतात आणि बराचसा वेळ आपल्याच वर्गात असतात. पहिलीत अक्षरओळख कशी झाली यावर दुसरी-तिसरीचे वाचन उभे राहते. वाचनाची पद्धत, गृहपाठ किंवा वही तपासण्याची रीत ज्याने त्याने आपल्या वर्गापुरती ठरवली, तर मुलाला दरवर्षी नवी घडी बसवावी लागते. असे विषय सर्वांनी मिळूनच ठरवायला हवेत.

प्रत्येक गोष्ट सभेत आणणे मात्र चूक आहे. शालेय प्रशासनाचे अमेरिकी अभ्यासक एडविन ब्रिजेस यांनी १९६७ मध्ये यासाठी दोन कसोट्या मांडल्या: निर्णयाचा त्या व्यक्तीशी प्रत्यक्ष संबंध आहे का, आणि तिला त्यातले कळते का. दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर समस्या नेमकी काय हे ठरवण्यापासूनच तिला सामील करावे. एकच होकारार्थी असेल तर मर्यादित सहभाग पुरतो. दोन्ही नकारार्थी असल्यास बोलावू नये. छपराच्या दुरुस्तीवर सर्वांची तासभर चर्चा घेतली, की वेळापत्रकाच्या चर्चेला माणसे थकूनच येतात.

सभेची विषयपत्रिका दोन-तीन दिवस आधी द्यावी. प्रत्येक विषयापुढे चारपैकी एक शब्द लिहावा: माहिती, सल्ला, संयुक्त निर्णय किंवा सोपवलेला निर्णय. उपलब्ध पैसा, नियम, तासिकांची संख्या या मर्यादा सुरुवातीलाच सांगाव्यात. आधी प्रत्येकाने आपले मत कागदावर लिहावे, मग बोलावे, आणि मुख्याध्यापकांनी शेवटी बोलावे. त्यांचे मत आधी कळले, की नवे शिक्षक गप्प बसतात आणि त्या शांततेलाच एकमत समजले जाते. इतिवृत्तात काय ठरले, कोण करणार, कधीपर्यंत आणि फेरआढावा केव्हा, एवढे नोंदवले तरी चालते.

सर्वांत मोठे नुकसान आधीच ठरलेल्या गोष्टीवर मते मागितल्याने होते. शिक्षकांना ते लगेच उमगते, आणि पुढच्या खऱ्या चर्चेतही ते मनापासून बोलत नाहीत. घेतलेला सल्ला मानायचा नसेल, तर कारण त्याच सभेत किंवा लेखी सांगावे. दुसरी नेहमीची चूक म्हणजे काम सोपवणे, पण अधिकार न देणे: ग्रंथालयाची जबाबदारी असलेल्या शिक्षिकेला प्रत्येक पुस्तकासाठी सही मागावी लागते. लहान मुलांचे वर्ग मोकळे सोडता येत नाहीत. म्हणून सभा शाळा सुटल्यावर पडतात आणि लांबतात. पंचेचाळीस मिनिटांत दोनच विषय घेणे बरे.

मुलाच्या सुरक्षिततेची तक्रार, अपघात, एखाद्या शिक्षकाच्या कामाविषयीची गोपनीय बाब यांवर मुख्याध्यापकांनी संबंधित नियमांप्रमाणे स्वतःच तत्काळ कृती करायची असते. सभेची वाट पाहायची नसते.