बैठक तहकूब होणे आणि सत्रसमाप्ती होणे

1948 मध्ये निजामाने शरणागती पत्करली तो 17 सप्टेंबरचा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो आणि छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात सकाळी ध्वजारोहण होते. समजा, त्याच दिवशी मुंबईत विधानसभेची बैठक लागली आणि मराठवाड्यातील सदस्यांना समारंभास हजर राहता यावे म्हणून ती दुसऱ्या दिवशी घेण्याचे ठरले, तर ‘अधिवेशन पुढे ढकलले’ अशी बातमी गावोगाव पोहोचते. प्रत्यक्षात पुढे जाते ती एक बैठक. अधिवेशन चालूच असते.

बैठक तहकूब करण्याचा, म्हणजे ती थांबवून पुढच्या वेळेवर नेण्याचा, अधिकार विधानसभेत अध्यक्षांचा, तर विधान परिषदेत सभापतींचा असतो. कोणत्या दिवशी कोणते कामकाज घ्यायचे हे कामकाज सल्लागार समितीत आधी ठरते, त्यामुळे समारंभाची तारीख ठाऊक असताना ऐनवेळी तहकुबी करण्यापेक्षा तिथेच बदल करून घेणे केव्हाही चांगले. सत्रसमाप्ती, म्हणजे संपूर्ण अधिवेशनच औपचारिकपणे संपवणे, मात्र संविधानाच्या अनुच्छेद 174 नुसार राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करतात. ती झाली की प्रलंबित सूचना साधारणपणे व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, होतात; विधेयके मात्र अनुच्छेद 196 मुळे टिकतात. म्हणजे जायकवाडीच्या पाण्यावर एखाद्या सदस्याने दिलेली लक्षवेधी सूचना (तातडीच्या प्रश्नाकडे सरकारचे लक्ष वेधणारी सूचना) चर्चेविना राहिली असेल, तर तहकुबीनंतर ती पुढच्या बैठकीत घेता येते, पण सत्रसमाप्तीनंतर त्याला ती पुढच्या अधिवेशनात नव्याने द्यावी लागते. आपल्या भागाचा प्रश्न सभागृहात येण्याची वाट पाहणाऱ्या मतदारासाठी हा फरक मोठा आहे.

समारंभासाठी बैठक हलवायची ती गणपूर्ती, म्हणजे कामकाजासाठी लागणारी किमान उपस्थिती, होणार नाही म्हणून, असाही एक समज आहे. 288 सदस्यांच्या विधानसभेत गणपूर्तीला एक दशांश, म्हणजे 29 सदस्य पुरतात. मराठवाड्याचे सर्व 46 आमदार संभाजीनगरला गेले तरी उरलेल्या सदस्यांच्या बळावर कामकाज कायदेशीरपणे चालू शकते. खरी अडचण वेगळी आहे. त्या दिवशीच्या प्रश्नोत्तराच्या तासात मराठवाड्याचा तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, असला, तर उत्तर द्यायला मंत्री हजर असतील, पण उपप्रश्न विचारून त्यांना धारेवर धरणारा त्या भागाचा माणूस सभागृहात नसेल. म्हणून बैठक हलवणे मला योग्य वाटते. मात्र बुडालेले तास पुढच्या दिवसांत कामकाजाची वेळ वाढवून भरून काढलेच पाहिजेत.

एका प्रसंगी मात्र अध्यक्षांचा अधिकार पुरत नाही. समारंभाचा दिवस हाच अधिवेशनाचा पहिला दिवस असेल, तर ती तारीख राज्यपालांनी अभिनिमंत्रणात, म्हणजे अधिवेशन बोलावण्याच्या आदेशात, दिलेली असते आणि ती बदलण्यासाठी राज्यपालांचाच नवा आदेश लागतो. शिवाय मागील सत्राची शेवटची बैठक आणि नव्या सत्राची पहिली बैठक यांत सहा महिन्यांचे अंतर पडता कामा नये, हे बंधन तेव्हाही कायम राहते.