चौकशी आणि विचारपूस

कर्मचाऱ्याची चौकशी होते आणि आजाऱ्याची विचारपूस होते, हा फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. शाळेतून आलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. "आम्ही रोज इतकी विचारपूस करतो, पण तो 'काही नाही'च्या पुढे जात नाही," अशी तक्रार ऐकली की मला दर वेळी वाटते, या घरात विचारपूस अजून झालेलीच नाही.

डबा संपवला का, वहीवर सही आणली का, चाचणीत किती मिळाले आणि लगोलग शेजारच्या मुलाला किती मिळाले, ही चौकशी सर्वांच्या परिचयाची आहे. तिची गरजही असते. गुडघा फुटलेला असेल किंवा मूल नेहमीच्या रिक्षातून आले नसेल, तर नेमके प्रश्नच विचारले पाहिजेत. पण चौकशीलाही मर्यादा असते. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम ३३ नुसार साक्ष देणाऱ्या बालकाला वकील थेट प्रश्न विचारू शकत नाहीत, ते न्यायालयामार्फतच विचारावे लागतात, आणि आक्रमक प्रश्नांना तेथे परवानगी नसते. न्यायालयात पाळला जाणारा हा संयम घराच्या उंबरठ्यावर, दप्तर अजून पाठीवर असतानाच सुटतो, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असे येते की सविस्तर येते, तो दारात विचारला की जेवताना, हे फरक खरे असले तरी दुय्यम आहेत. "आजची सर्वांत छान गोष्ट सांग" असे रोज ठरल्या वेळी विचारण्याची पद्धत तर मला मुळीच पटत नाही, कारण ज्या दिवशी छान असे काहीच घडलेले नसते, त्या दिवशी मुलाला ते उत्तर गृहपाठासारखे पुरे करून द्यावे लागते.

खरी गल्लत उत्तर मिळाल्यानंतर होते. चौकशीतून मिळालेली माहिती विचारणाऱ्याच्या कामाची असते. विचारपुशीत सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याचीच राहते. मुलगी म्हणते, "आज मला कोणी खेळायला घेतले नाही." त्यावर "तूच काहीतरी बोलली असशील" हा निवाडा झाला, "थांब, उद्या तिच्या आईशीच बोलते" ही कारवाई झाली, आणि त्याच संध्याकाळी मुलीच्या देखत मावशीला फोनवर ते सांगणे हा, माझ्या मते, सर्वांत मोठा अन्याय झाला. तिन्हींमागे माया असते, हे मी जाणतो. पण तिन्ही वेळा मुलीची गोष्ट तिच्या हातातून काढून घेतली जाते, आणि पुढच्या वेळी ती 'काही नाही' म्हणते. तेथे "मग मधल्या सुट्टीत कुठे बसलीस?" एवढेच विचारून गप्प राहिले, तर ती नळाजवळची पायरी, अर्धा राहिलेला डबा आणि तिच्या शेजारी येऊन बसलेली दुसरी मुलगी, असे एकेक सांगत जाते.

एलेन रीस, कॅथरीन हेडन आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आया आणि लहान मुले घडून गेलेल्या प्रसंगांविषयी कशी बोलतात, हे पाहिले होते. काही आया हवे ते उत्तर मिळेपर्यंत तोच प्रश्न पुन्हा विचारत, तर काही मुलाच्या बोलण्यात एखादा तपशील घालून ते पुढे नेत. या दुसऱ्या आयांची मुले कालांतराने प्रसंग अधिक तपशिलाने सांगू लागली.

मात्र "कोणालाही सांगणार नाही" असे वचन विचारपूस करतानाही देऊ नये. मारहाण, धमकी किंवा नकोसा स्पर्श यांविषयी मूल बोलले, तर ती गोष्ट पुढे न्यावीच लागते. अशा वेळी ती कोणाला सांगणार आहोत आणि का, हे आधी त्या मुलाला सांगावे.