प्रवेशशुल्क की उपद्रव शुल्क? नाशिकच्या हंगामी वनपर्यटनाची पार्श्वभूमी

नाशिकच्या वनपर्यटनाला दोन हंगाम आहेत. नोव्हेंबर ते मार्च या काळात नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात पक्षी पाहणाऱ्यांची वर्दळ असते, तर जून ते सप्टेंबरमध्ये पहिने, दुगारवाडी, अंजनेरी, हरिहर या त्र्यंबकेश्वरजवळच्या पट्ट्यात पावसाळी सहलींचा लोंढा येतो. नाक्यावर पावती फाडणारे, गाड्या ओळीने लावून घेणारे आणि वाट दाखवणारे तरुण दोन्हीकडे बहुधा त्याच गावचे असतात. अभयारण्यातील पावती ‘प्रवेशशुल्क’ म्हणून फाडली जाते. त्र्यंबकच्या डोंगरपट्ट्यात मात्र ‘उपद्रव शुल्क’ हा शब्द रूढ झाला आहे, आणि दर पावसाळ्यात नाक्यावर होणाऱ्या वादाचे मूळ बरेचसे या शब्दात आहे.

नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला बंधारा गाळाने भरत गेला, गाळाची बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी स्थिरावले. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झाल्यावर शुल्काचा प्रश्न कायद्यापुरता सुटला, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम २८ मध्ये पर्यटनासाठी परवाना आणि त्यासाठी विहित शुल्क यांची स्पष्ट तरतूद आहे. चापडगावच्या मनोऱ्यावर गावातला मुलगा दुर्बीण रोखून चित्रबलाक, थापट्या, जांभळी पाणकोंबडी असे एकेक दाखवत जातो, तेव्हा पाहुण्याला दिलेल्या पैशांचा मोबदला समोर दिसतो. जानेवारी २०२० मध्ये हे राज्यातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरल्याचे जाहीर झाले. पुढच्या दोन महिन्यांतच टाळेबंदी आली आणि हंगामाचा शेवटचा टप्पा मार्गदर्शकांच्या हातून गेला.

डोंगरपट्ट्याची गोष्ट वेगळी आहे. तेथील बराचसा भाग साधे वनक्षेत्र आहे, म्हणजे तेथे कलम २८ लागू नाही, आणि २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळालेल्या अंजनेरीचीही अडचण तीच आहे. संवर्धन राखीव क्षेत्राची संकल्पना २००२ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. त्यासाठीच्या कलम ३६-अ मध्ये अभयारण्याची कोणती कलमे येथे लागू होतील याची यादी दिलेली आहे आणि त्या यादीत कलम २८ नाही. म्हणजे आग लावू नये, स्फोटके वा घातक रसायने वापरू नयेत ही बंधने आली, परंतु परवाना आणि शुल्क यांची चौकट आली नाही. ही पोकळी भरायला ‘उपद्रव शुल्क’ हा शब्द पुढे आला, असे माझे मत आहे.

हा शब्द शहरांच्या कारभारातला आहे. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याकडून नगरपालिका जो दंड घेते तो उपद्रवाचा दंड, आणि तो कृत्य घडल्यानंतर घेतला जातो. डोंगराच्या पायथ्याशी मात्र तेच नाव पाऊल टाकण्याआधी घेतल्या जाणाऱ्या रकमेला मिळाले. त्यामुळे एकाच सामासिक शब्दाचे तीन अर्थ निघतात: उपद्रव केल्याबद्दलचा दंड, उपद्रव निस्तरण्याचा खर्च, आणि पैसे भरून मिळालेली उपद्रवाची मुभा. वनखात्याला अभिप्रेत अर्थ दुसरा आहे, आणि तो योग्यच आहे, कारण सोमवारी सकाळी धबधब्याखालच्या दगडांतून बाटल्या आणि फुटलेल्या काचा वेचणारे हात गावचेच असतात. पण चढून जाणारा भाविक पहिला अर्थ घेऊन दुखावतो, आणि मद्याच्या बाटल्या घेऊन आलेले टोळके तिसरा अर्थ घेऊन निर्धास्त होते. पैसे घेण्याला माझा विरोध नाही. या नावाला आहे.

पैसे गोळा करणाऱ्या गावसमित्यांची मांडणी पर्यटनासाठी झालेलीच नव्हती. १९९० च्या केंद्रीय परिपत्रकानंतर आलेल्या संयुक्त वनव्यवस्थापनात गावाने जंगल राखावे आणि बदल्यात गवत, गौण वनोपज, लाकूड यांत वाटा घ्यावा, असा व्यवहार होता. पाहुण्यांचा पैसा त्यावर नंतर चढला. व्याघ्र प्रकल्पांना २००६ च्या दुरुस्तीने स्वतंत्र प्रतिष्ठाने मिळाली आणि प्रवेशाचा पैसा त्याच जंगलासाठी वापरण्याची वाट मोकळी झाली. नाशिकच्या डोंगरांना तशी कायदेशीर सोय मिळालेली नाही. परिणामी नाक्यावरच्या मुलाची रोजची मजुरी बहुतेक ठिकाणी त्या दिवसांच्या जमेवर अवलंबून राहते आणि पाऊस ओसरला की काम संपते.

ऑगस्ट २०२२ मध्ये दुगारवाडी धबधब्यावर अचानक पाणी वाढून पर्यटक अडकले. त्यानंतर नाक्याचे काम पावती फाडण्यापुरते राहिले नाही. वर किती जण गेले, किती परतले, वरच्या अंगाला ढग दाटले की कोणाला थांबवायचे, हे सांगणारा पहिला माणूस तोच असतो. त्याच्याकडचे पावतीपुस्तक ही खरे तर वर गेलेल्यांची एकमेव नोंद आहे, आणि तरीही त्या कामाचे प्रशिक्षण, विमा आणि अधिकार यांबद्दल शुल्काच्या दराइतकीही चर्चा होत नाही.

आता २०२७ चा सिंहस्थ जवळ येत आहे. त्र्यंबकेश्वरला येणाऱ्या भाविकांपैकी कित्येक जण हनुमानाचे जन्मस्थान म्हणून अंजनेरीची वाट धरतील, आणि अंजनीमातेच्या दर्शनाला निघालेल्या माणसाच्या हाती कोणत्या नावाची पावती द्यायची, हे त्याआधी ठरवावे लागेल.